फिशटँकखालची दुसरी टाकी: खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमसाठी घरच्या घरी ‘सम्प’ कसा बनवतात?

रात्री दोन वाजता वीज जाते. पंखा थांबतो, पाठोपाठ हॉलमधल्या फिशटँकचा पंपही थांबतो. घरातल्यांना जाग येत नाही. सकाळी उठून बघावं, तर टँकच्या कपाटाखालून खारं पाणी पसरलेलं, एक्स्टेंशन बोर्ड भिजलेला आणि टँकमधली पातळी चांगली वीतभर खाली गेलेली.

खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांमध्ये असा प्रसंग नवा नाही. आणि बहुतेक वेळा दोष विजेचा नसतो, काच फुटलेली नसते, सिलिकॉनही सुटलेलं नसतं. चूक झालेली असते कागदावर. टँकखाली बसवलेल्या दुसऱ्या टाकीचं, म्हणजे ‘सम्प’चं माप काढताना एक साधा गुणाकार राहून गेलेला असतो.

हा सम्प नेमका काय असतो? तो घरी बनवता येतो का? आणि बनवताना कोणती आकडेमोड चुकवून चालत नाही?

सम्प म्हणजे काय?

‘संप’ म्हटलं की मराठी माणसाला आधी एसटीचा संप आठवतो. इथला ‘सम्प’ हा इंग्रजी शब्द आहे. त्याचा अर्थ खाली साठणाऱ्या पाण्याची टाकी.

हौसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. सोसायटीत जमिनीखाली एक टाकी असते आणि गच्चीवर दुसरी. पंप पाणी वर चढवतो आणि ते आपल्या वजनाने खाली येतं. ॲक्वेरियमचा सम्प याच तत्त्वावर चालतो. वरच्या शोभेच्या टँकमधलं पाणी काठावरून ओसंडून पाइपाने खालच्या टाकीत येतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते परत वर पाठवतो. हे चक्र चोवीस तास चालू राहतं.

फरक एकच. सोसायटीच्या पाण्याचा वापर होऊन ते निघून जातं. इथे तेच पाणी फिरत राहतं, त्यामुळे खाली किती पाणी आहे आणि वर किती, याचा हिशेब कायम जुळलेला लागतो.

गोड्या पाण्याच्या टँकला चालतं, मग खाऱ्याला वेगळं का?

गोल्डफिश किंवा गप्पी पाळणाऱ्यांचं काम एका छोट्या फिल्टरवर भागतं. खाऱ्या पाण्यात गणित कडक होतं. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण अमोनिया. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण ८.१ ते ८.३ असतो आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. उपयोगी जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने कमी घातक असलेलं नायट्रेट करतात. या जिवाणूंना वस्तीसाठी खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभाग लागतो. तो सम्पमध्ये देता येतो.

दुसरं कारण प्राणवायू. एकाच तापमानाला खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी प्राणवायू विरघळतो. काठावरून ओसंडणाऱ्या आणि सम्पमध्ये पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते. शिवाय ओसंडताना पृष्ठभागावरचा तेलकट तवंगही खाली ओढला जातो.

तिसरं कारण क्षारता. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पाणी जितकं कमी, तितकी क्षारता झपाट्याने वाढते. सम्पमुळे एकूण पाणी वाढतं आणि असे धक्के सौम्य होतात.

याशिवाय एक साधा फायदा आहे. हीटर, फिल्टर, नळ्या आणि वायरी सगळं खाली कपाटात जातं आणि वर फक्त मासे दिसतात.

ही कल्पना किती जुनी आहे?

वाटते त्यापेक्षा बरीच जुनी. विल्यम आल्फर्ड लॉइड या इंग्रज जाणकाराने १८६४ मध्ये सुरू झालेल्या हॅम्बुर्गच्या मत्स्यालयात आणि पुढे १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात हेच तत्त्व वापरलं. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांखाली समुद्राच्या पाण्याचे मोठे, अंधारे हौद होते. पंप ते पाणी सतत वर-खाली फिरवत असत.

घरगुती छंदात ही पद्धत यायला शंभर वर्षं लागली. जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांवर चालणाऱ्या ‘नैसर्गिक पद्धती’बद्दल एका अमेरिकन मासिकात लिहिलं. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेमुळे टँकखाली बसवलेला ‘वेट-ड्राय’ फिल्टर अमेरिकेत घरोघरी पोहोचला. जर्मनीत बर्लिनच्या छंदिष्टांनी जिवंत खडक आणि प्रोटीन स्किमर यांची जोडी रूढ केली. आजच्या सम्पमध्ये या सगळ्यांचा थोडा थोडा अंश आहे.

महाराष्ट्रात खाऱ्या पाण्यातले मासे बघण्याची सवय अनेकांना लावली ती मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. ते १९५१ मध्ये सुरू झालं.

सम्पमध्ये कोणते कप्पे असतात?

सम्प ही लांबट काचेची टाकी असते. आत उभ्या काचा लावून तिचे कप्पे पाडतात. या विभाजक काचांना ‘बॅफल’ म्हणतात. पाणी एका टोकाने शिरतं आणि दुसऱ्या टोकाला पंपापर्यंत पोहोचतं. वाटेत साधारण पाच टप्पे लागतात.

*१. गाळणीचा कप्पा.* वरून येणारा पाइप इथे कापडी पिशवीत सोडतात. तिला ‘फिल्टर सॉक’ म्हणतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा तिच्यात अडकते. ही पिशवी दर तीन-चार दिवसांनी धुवावी लागते. न धुतल्यास अडकलेली घाण तिथेच कुजते आणि गाळणीच नायट्रेटचा कारखाना बनते.

*२. प्रोटीन स्किमरचा कप्पा.* समुद्राच्या लाटांवर येतो तसा फेस हे यंत्र मुद्दाम तयार करतं. पाण्यात विरघळलेली प्रथिनं आणि स्निग्ध कण बारीक बुडबुड्यांना चिकटून वर चढतात आणि तपकिरी, दुर्गंधी द्रव म्हणून कपात जमा होतात. म्हणजे घाण कुजून अमोनिया होण्याआधीच बाहेर निघते. गोड्या पाण्यात इतके बारीक बुडबुडे टिकत नाहीत, म्हणून स्किमर प्रामुख्याने खाऱ्या पाण्यात वापरतात.

*३. शेवाळाचा किंवा जैविक गाळणीचा कप्पा.* याला ‘रेफ्युजियम’ म्हणतात. ‘किटोमॉर्फा’ हे गुंतागुंतीच्या हिरव्या दोऱ्यासारखं शेवाळ इथे वाढवतात. ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतं. वाढलेलं शेवाळ काढून टाकलं की तेवढं प्रदूषण टँकबाहेर गेलं. या कप्प्यातला दिवा अनेक जण रात्री लावतात. वरचा टँक अंधारात असताना पाण्याचा पीएच उतरतो, तेव्हा खालच्या शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण ती घसरण कमी करतं. शेवाळ नको असेल तर इथे सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे ठेवता येतात.

*४. बुडबुड्यांचा सापळा.* तीन बॅफल जवळजवळ लावलेले असतात. पहिल्यावरून पाणी ओसंडतं, दुसऱ्याच्या खालून जातं आणि तिसऱ्यावरून पुन्हा ओसंडतं. या खाली-वर प्रवासात बुडबुडे वर निसटतात. सापळा नसेल तर पंप ते बुडबुडे वरच्या टँकमध्ये फेकतो आणि पाणी सोड्यासारखं दिसतं.

*५. परतीचा कप्पा.* इथे पंप असतो. संपूर्ण यंत्रणेत पाण्याची पातळी कमी-जास्त होते ती फक्त याच कप्प्यात. बाकीच्या कप्प्यांची पातळी बॅफलच्या उंचीने बांधलेली असते.

प्रत्यक्ष माप कसं काढतात?

समजा, वरचा टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. म्हणजे आतून साधारण १२० × ४५ × ४५ सेंमी. पाणी ४० सेंमीपर्यंत ठेवलं आणि काठापर्यंत ५ सेंमी जागा सोडली, तर त्यात २१६ लिटर पाणी बसतं.

यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र वेगळाच आहे. १२० × ४५ म्हणजे ५,४०० चौरस सेंमी पृष्ठभाग. याचा अर्थ वरची पातळी १ सेंमीने उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, कारण पुढचं सगळं गणित त्यावरच आहे.

या टँकखालच्या कपाटात आतून ९० × ३५ × ४० सेंमी मापाचा सम्प बसू शकतो. त्याची पूर्ण क्षमता १२६ लिटर. कप्प्यांची विभागणी अशी करता येईल:

- गाळणीचा कप्पा: १५ सेंमी लांब, त्यापुढच्या बॅफलची उंची २५ सेंमी
- स्किमरचा कप्पा: २५ सेंमी लांब, त्यापुढच्या बॅफलची उंची २२ सेंमी
- शेवाळाचा कप्पा: २० सेंमी लांब
- बुडबुड्यांचा सापळा: प्रत्येकी साडेतीन सेंमीच्या दोन फटी. पहिला बॅफल २१ सेंमी उंच, दुसरा तळापासून साडेतीन सेंमी वर उचललेला आणि २८ सेंमीपर्यंत जाणारा, तिसरा २० सेंमी उंच
- परतीचा कप्पा: साडेवीस सेंमी लांब, पाणी साधारण १८ सेंमी

पाच बॅफलची जाडी मिळून अडीच सेंमी धरली की बेरीज बरोबर ९० होते. बॅफलची उंची टप्प्याटप्प्याने उतरती ठेवली आहे, म्हणजे पाणी पुढेच सरकतं. स्किमरच्या कप्प्याची उंची मात्र मनाने ठरवू नये. प्रत्येक स्किमर किती खोल पाण्यात ठेवायचा हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. आधी स्किमर निवडावा आणि मग बॅफल कापावा.

या मापाने चालू अवस्थेत सम्पमध्ये सुमारे ६५ लिटर पाणी राहतं. म्हणजे वर साधारण ६१ लिटरची जागा रिकामी. अनेकांना ही जागा वाया गेल्यासारखी वाटते, पण घरातली फरशी कोरडी राहते ती याच जागेमुळे.

पहिली परीक्षा: वीज गेली तर?

पंप थांबला की वरचं पाणी दोन वाटांनी खाली येतं. एक, ओसंडण्याच्या काठावर असलेला पाण्याचा थर. दोन, परतीचा पाइप. पंप वर ढकलत नसला की हाच पाइप सायफन बनतो आणि उलट्या दिशेने पाणी ओढू लागतो. पाइपचं तोंड पाण्याबाहेर येऊन आत हवा शिरेपर्यंत तो थांबत नाही.

पाइपचं तोंड पृष्ठभागाच्या जवळ असेल आणि पातळी फार तर ३ सेंमीने उतरत असेल, तर ३ × ५.४ म्हणजे सुमारे १६ लिटर पाणी येईल. पाइप आणि ओव्हरफ्लोच्या डब्यातलं ४ लिटर धरलं तर २० लिटर. सम्पमध्ये ६५ अधिक २०, म्हणजे ८५ लिटर होतील आणि पातळी सगळीकडे साधारण २७ सेंमीवर थांबेल. काठापर्यंत १३ सेंमी शिल्लक. धोका नाही.

आता तेच तोंड १२ सेंमी खोल ठेवलं आहे असं समजा. १२ × ५.४ म्हणजे ६५ लिटर, अधिक ४, एकूण ६९ लिटर. रिकामी जागा ६१ लिटरची. उरलेलं ८ लिटर खारं पाणी जमिनीवर. सुरुवातीच्या प्रसंगात घडतं ते हेच.

उपाय साधा आहे. परतीच्या पाइपचं तोंड पृष्ठभागालगत ठेवायचं. त्याशिवाय पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली पाइपला एक छोटं भोक पाडायचं. पातळी उतरली की त्या भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. शेवाळाने किंवा क्षाराने भोक बुजतं, म्हणून ते महिन्यातून एकदा दात कोरण्याच्या काडीने साफ करावं.

बरेच जण यावर उपाय म्हणून एकमार्गी व्हॉल्व्ह बसवतात. त्यावर पूर्ण विसंबणं धोक्याचं आहे. क्षाराचा थर किंवा एखादी छोटी गोगलगाय अडकली की तो पूर्ण मिटत नाही, आणि हे कळतं ते वीज गेल्यावरच.

दुसरी परीक्षा: उतरणीचा पाइप तुंबला तर?

हा उलटा प्रसंग आहे. पंप चालू, पण वरून पाणी उतरत नाही. मग पंप परतीचा कप्पा उपसून वर ओततो. बाकीच्या कप्प्यांतलं पाणी बॅफलमागे अडून राहतं, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

परतीच्या कप्प्यात साडेवीस × ३५ × १८ सेंमी, म्हणजे सुमारे १३ लिटर पाणी आहे. ते सगळं वर गेलं तरी पातळी १३ भागिले ५.४, म्हणजे २.४ सेंमीने वाढेल. वर ५ सेंमी जागा सोडली होती, त्यामुळे टँक ओसंडणार नाही. पंप कोरडा पडून खराब होऊ शकतो, पण घर वाचतं. परतीचा कप्पा हवा तेवढा मोठा करू नये, तो याच कारणासाठी.

तरीही उतरणीसाठी दोन पाइप हवेत. एक नेहमीचा आणि त्याच्या तोंडापेक्षा थोड्या वर तोंड असलेला दुसरा, एरवी कोरडा राहणारा. पहिला तुंबला की पाणी चढून दुसऱ्यात शिरतं. पाइप परतीच्या पाइपपेक्षा जाड असावा आणि दुसऱ्या पाइपवर कोणताही व्हॉल्व्ह बसवू नये.

टँकच्या काचेला भोक पाडून पाइप जोडणं ही सगळ्यात भरवशाची पद्धत. मात्र काच टफन्ड असेल तर भोक पाडताना तिचे तुकडे होतात, म्हणून आधी विक्रेत्याकडे खात्री करावी. काठावर लटकवण्याचे सायफनवाले ओव्हरफ्लोही मिळतात. त्यांच्या नळीत हवा साठली की उतरण बंद पडते, पंप चालूच राहतो.

पंप किती मोठा हवा?

सर्वसाधारण अंदाज असा की दर तासाला टँकच्या तीन ते पाच पट पाणी सम्पमधून फिरावं. वरच्या उदाहरणात ताशी सुमारे १,००० लिटर पुरेसं आहे.

खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी जितकं वर चढवायचं आणि पाइपला जितके एल्बो, तितका प्रवाह घटतो. सव्वा-दीड मीटर उंचीवर हा पंप प्रत्यक्षात किती पाणी देतो, हे त्याच्या आलेखात बघून मगच घ्यावा.

जास्त प्रवाह म्हणजे जास्त स्वच्छता, हा गैरसमज आहे. ताशी १,००० लिटर प्रवाह असताना साडेतीन सेंमीच्या फटीतून पाणी सेकंदाला सुमारे सव्वादोन सेंमी वेगाने जातं. फट दीड सेंमीची ठेवली तर वेग पाच सेंमीच्या पुढे जातो आणि बारीक बुडबुडे वर सुटण्याऐवजी पाण्याबरोबर ओढले जातात. मोठा पंप लावला की हेच होतं.

काच, सिलिकॉन आणि जोडणी

४० सेंमी उंचीच्या सम्पला ६ मिमीची काच आणि बॅफलला ५ मिमीची काच वापरतात. काच कापून घेतानाच कडा घासून घ्याव्यात. बॅफलची रुंदी आतल्या मापापेक्षा ३-४ मिमी कमी ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंना सिलिकॉनला जागा मिळते.

सिलिकॉन शंभर टक्के शुद्ध हवं. बाथरूमच्या फटी भरण्याच्या अनेक सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं. ते पाण्यात उतरलं तर मासे मरतात. ट्यूबवर ॲक्वेरियमसाठी चालेल असा स्पष्ट उल्लेख बघून घ्यावा. काचेच्या टाकीत ॲक्रिलिकचे बॅफल लावण्याचा मोह टाळावा, कारण सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही आणि काही महिन्यांत बॅफल सुटतात.

जोडण्याआधी कडा स्पिरिटने पुसाव्यात, बॅफलच्या जागा मार्करने आखाव्यात आणि गुण्या लावून काटकोन तपासावा. सिलिकॉन लावल्यावर निदान दोन दिवस, शक्य असेल तर आठवडाभर टाकीला हात लावू नये. त्यानंतर साध्या पाण्याने काठोकाठ भरून २४ तास गळती बघावी.

पाइप युपीव्हीसीचे चालतात. पंपाजवळ एक युनियन बसवला तर सफाईच्या वेळी पाइप कापावा लागत नाही. तांबं आणि पितळ मात्र कुठेही नको. तांब्याचं अत्यल्प प्रमाणही कोळंबी, गोगलगाय यांसारख्या अपृष्ठवंशी जीवांना घातक असतं. लोखंडी क्लॅम्प खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात.

लाल रेषा कशी आखायची?

सगळं बसवून झालं की मासे आणण्याआधी एक सराव करावा लागतो.

टँक भरून पंप चालू करावा आणि मग बंद करावा. वरून येणारं सगळं पाणी खाली उतरू द्यावं. आता सम्पमध्ये पाणी ओतत काठाच्या ३ सेंमी खालीपर्यंत आणावं. पंप पुन्हा सुरू करावा. पाणी फिरू लागून परतीच्या कप्प्याची पातळी स्थिर झाली की तिथे लाल मार्करने रेषा मारावी. पंप चालू असताना पाणी या रेषेच्या वर कधीही जाऊ द्यायचं नाही. वीज कितीही वेळा गेली तरी फरशी कोरडी राहील.

त्याच बैठकीत दुसरी परीक्षाही घ्यावी. मुख्य उतरणीच्या पाइपवर हात धरून पाणी दुसऱ्या पाइपात शिरतं का, ते बघावं.

रोजचं पाणी आणि मीठ

उडालेलं पाणी परतीच्या कप्प्यात दिसतं. समजा, दिवसाला ४ लिटर पाणी उडतं. वरच्या मापाच्या कप्प्यात पातळी साडेपाच सेंमीने खाली जाईल आणि तीन दिवसांत पंप उघडा पडेल.

ही तूट आरओचं गोडं पाणी घालून भरतात, खारं पाणी घालून नाही. समुद्राची क्षारता साधारण हजारात ३५ भाग असते, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. दगड-वाळूची जागा वजा जाता या यंत्रणेत २६५ लिटर पाणी असेल आणि आठवड्यात २८ लिटर उडून तूट भरलीच नाही, तर क्षारता ३५ वरून सुमारे ३९ वर जाते.

तूट आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह लावता येतो. पण उतरण तुंबली तर तो ‘पाणी कमी आहे’ असं समजून गोडं पाणी सोडतच राहतो. म्हणून त्याची टाकी १० लिटरपेक्षा मोठी नको. १३ अधिक १० म्हणजे २३ लिटर, वरच्या टँकमध्ये सव्वाचार सेंमी. ५ सेंमीच्या मोकळ्या जागेत हेही कसंबसं मावतं. नळाला थेट जोडलेल्या फ्लोटला अशी कोणतीच मर्यादा नसते.

खारं पाणी बनवायला ॲक्वेरियमसाठीचं खास समुद्री मीठ लागतं. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार योग्य प्रमाणात नसतात.

उकाडा, वीज आणि वजन

बहुतेक समुद्री मासे २४ ते २७ अंश तापमानात रमतात. एप्रिल-मे महिन्यांत पंप आणि दिव्यांची उष्णता धरून पाणी सहज ३० च्या पुढे जातं. सम्पवर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याचा परिणाम कमी होतो आणि बऱ्याचदा चिलरला पर्याय राहत नाही.

वीज जाण्यात खरी घाई असते ती प्राणवायूची. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. वीज परत आल्यावरही लक्ष लागतं. सम्पची पातळी वाढलेली असताना स्किमर सुरू झाला तर त्याचा कप भरभरून वाहतो. म्हणून स्किमर काही मिनिटं उशिरा सुरू करावा.

विजेचा बोर्ड सम्पच्या वर कधीही नको. तो बाजूला, उंचावर असावा. प्रत्येक वायर बोर्डापर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता झोळापाशी टपकतं. या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असणं ही चैन नाही. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे आणि टँकमध्ये रोज कुणाचा तरी हात जाणार असतो.

पाणी, काच, दगड, सम्प आणि स्टँड मिळून वजन चारशे किलोंच्या पुढे जातं, तेही जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर. भारतीय मानकांनुसार घराच्या खोलीचा स्लॅब प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भार गृहीत धरून आखलेला असतो. तो भार संपूर्ण खोलीवर पसरलेला मानतात, त्यामुळे एका कोपऱ्यातलं जास्त वजन म्हणजे लगेच धोका, असं नाही. तरी टँक बीमजवळ, भिंतीलगत ठेवावा आणि जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावं.

सम्प तयार झाला, मासे कधी आणायचे?

लगेच नाही. उपयोगी जिवाणूंची वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की मगच पहिला मासा सोडावा.

काय पाळायचं याला कायद्याचीही मर्यादा आहे. २००१ मध्ये सागरी घोडे आणि खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळालं. म्हणजे वाघाला असतं तसं सर्वोच्च संरक्षण. किनाऱ्यावरून किंवा बेटांवरून प्रवाळाचा तुकडा ‘टँकसाठी’ उचलून आणणं हा गुन्हा ठरतो. छंदाच्या पुस्तकांत सांगितलेला ‘जिवंत खडक’ही बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी सिरॅमिकचे किंवा मानवनिर्मित खडक वापरता येतात. जिवाणूंना वस्तीला तेही चालतात.

मासे घेतानाही समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा हॅचरीत जन्मलेले घेणं शहाणपणाचं. ते बंदिस्त पाण्याला आणि तयार खाद्याला सरावलेले असतात आणि प्रवाळ-परिसरावरचा ताणही वाचतो. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशसारख्या शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी आहे. म्हणजे ‘निमो’ नावाने मुलांना ठाऊक असलेला हा मासा आता महाराष्ट्रातही वाढवला जातो.

सम्प बनवणं हे काचकामापेक्षा हिशेबाचं काम आहे. काच दुकानात कापून मिळते, सिलिकॉनही मिळतं. पंप बंद पडला तर किती पाणी खाली येईल आणि पाइप तुंबला तर किती वर जाईल, हे दोन आकडे मात्र ज्याचे त्याने काढायचे असतात. ते काढले असतील, तर रात्री दोन वाजता वीज गेली तरी बॅटरीवरचा पंप हवा देत राहतो आणि पाणी लाल रेषेच्या हिशेबात थांबतं.